फट, झरोका आणि पंखा: इमारतीची हवागळती कशी मोजतात

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय आहे 'इमारतींची हवागळती आणि वीजबचत'. विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे थंड देशांचं काम आहे. जिथे बर्फ पडतो, तिथे लोक फटी बुजवत बसतात. आपल्या नगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, संध्याकाळी आपण दारं-खिडक्या सताड उघडतो. आपल्याला हवा हवी आहे, ती अडवायची कशाला?

शंका रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळीकडे हवा अडवायची नाही आणि सगळीकडे मोकळीही सोडायची नाही. कुठल्या इमारतीत किती हवा यावी, कुठून यावी, हे आपण ठरवायचं. ते भिंतीतल्या फटीवर सोपवायचं नाही. आणि ठरवायचं तर आधी मोजायला हवं.

मोजण्याची ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरलं, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसतं. आज आपण तसाच हवेचा ताळेबंद मांडणार आहोत.

गळतीला दोन गोष्टी लागतात

हवा गळायला एक भोक लागतं आणि दोन बाजूंच्या दाबात फरक लागतो. नुसतं भोक असून भागत नाही. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर हवा हलत नाही.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याची धुराडी पेटली, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्या व्हॅक्यूम पॅनभोवती वावरल्या आहेत. पॅनमध्ये दाब कमी ठेवून रस कमी तापमानाला उकळतात. एखाद्या जोडातून हवा आत शिरली की व्हॅक्यूम बसत नाही, उकळण्याचं तापमान चढतं आणि साखरेचा रंग बिघडतो. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी जोड न् जोड तपासतात. इमारतीची चाचणी हीच आहे, फक्त दाब फार थोडा असतो.

इमारतीत दाबाचा फरक तीन कारणांनी पडतो. पहिलं कारण वारा. ज्या भिंतीवर तो आदळतो तिकडून हवा आत ढकलली जाते, पलीकडच्या बाजूने ओढली जाते. दुसरं कारण तापमान. गार हवा जड असते, ती खाली बसते. गार खोलीच्या दाराखालून ती बाहेर सांडते आणि वरच्या फटीतून गरम हवा आत येते. तिसरं कारण आपले पंखे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू केला की तो जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी कुठून तरी आत यावीच लागते.

पंखा लावून मोजायचं कसं

आता चाचणीकडे येऊ. तिला 'ब्लोअर डोअर' चाचणी म्हणतात. घराच्या मुख्य दारात लहान-मोठी करता येणारी चौकट बसवतात, तिच्यावर हवाबंद कापड ताणतात आणि कापडाच्या भोकात एक मोठा पंखा लावतात. बाकीची बाहेरची दारं-खिडक्या बंद, आतली सगळी दारं उघडी. चूल, शेगडी, गॅस गिझर बंद. मग पंखा आतली हवा बाहेर फेकायला लागतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होईपर्यंत त्याचा वेग वाढवतात.

५० पास्कल म्हणजे किती? पाच मिलिमीटर पाण्याच्या थराचा भार. अंगाला जाणवतही नाही. घरावर सगळ्या बाजूंनी एकाच वेळी ताशी ३० ते ३५ किलोमीटरचा वारा आदळावा, साधारण तेवढा.

हा दाब टिकवायला पंख्याला तासाला किती घनमीटर हवा बाहेर फेकावी लागते, हे यंत्र दाखवतं. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच फटींतून आत येत असते. म्हणून हा आकडा म्हणजेच गळती. त्याला घराच्या घनफळाने भागायचं. समजा घर ३०० घनमीटरचं आहे आणि पंखा तासाला ३००० घनमीटर हवा फेकतोय. म्हणजे ५० पास्कलला घरातली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलते. जर्मनीत १९९१ साली डार्मश्टाटला पहिलं 'पॅसिव्ह हाउस' बांधलं गेलं. त्या पद्धतीच्या घरांसाठी हाच आकडा ०.६च्या आत ठेवावा लागतो.

रोजच्या वाऱ्या-वादळात गळती इतकी नसते. अमेरिकेत एक ढोबळ ठोकताळा वापरतात: चाचणीच्या आकड्याला २० ने भागा. म्हणजे दहाचं अर्धं झालं, तासाला अर्धी खोली हवा. आपल्याकडचा वारा आणि बांधणी वेगळी आहे, तेव्हा हा ठोकताळा अंदाजापुरताच धरायचा.

चाचणीचा खरा फायदा आकड्याच्याही पुढे आहे. पंखा चालू असताना प्रत्येक फट जणू फुंकर घालत असते. उदबत्ती घेऊन घरभर फिरलं तर तिचा धूर आडवा होतो आणि चोर सापडतो.

दुसरी एक पद्धत गोदामांत वापरतात. धान्याच्या गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा विषारी वायू सोडतात. वायू निसटला तर कीड पुरती मरत नाही, तगलेली पुढे औषधाला दाद देत नाही, आणि आसपासच्या माणसांच्या जिवालाही धोका असतो. म्हणून आधी आत थोडा दाब भरतात, पंखा बंद करतात आणि तो दाब निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघतात. सायकलच्या ट्यूबला रात्रभर हवा धरते का बघतो ना आपण, तसंच.

हिशोबात नसलेली वाट

पंखा लावून घर तपासायची ही रीत १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाली. त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे संशोधक न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत घरांचा अभ्यास करत होते. तेलाचे भाव कडाडले होते, घर तापवायचा खर्च कमी करायचा होता. त्या गटात गौतम दत्त नावाचे संशोधक होते. त्यांच्या लक्षात आलं की माळ्यातून जाणारी उष्णता पुस्तकी हिशोबापेक्षा कितीतरी जास्त आहे. माळ्यावर उष्णतारोधक थर होता, तरीही. शोध घेतल्यावर दिसलं की भिंतींच्या पोकळ्या, पाइपांच्या आणि धुराड्याच्या भोवतीच्या मोकळ्या जागा थेट माळ्यापर्यंत जातात. हवा त्या थराला वळसा घालून वर पळत होती.

यातून शिकायचं ते हे. डोळ्यांना दिसणारी खिडकीची फट बुजवून माणूस समाधान मानतो, आणि मोठी वाट भलतीकडेच असते. मोजल्याशिवाय ती कळत नाही.

तीन इमारती, तीन उत्तरं

आता आपल्या जिल्ह्यातल्या तीन इमारती घेऊ.

पहिली, कांदाचाळ. हिच्यात गळती हाच गुण. कांदा साठवणीतही जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. ती ओल अडकली की सड लागते. म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली, तळाशी हवेला मोकळीक, बाजूला पट्ट्यांच्या भिंती आणि रुंदी कमी. रुंदी वाढवली तर मधल्या कांद्यापर्यंत हवा पोहोचत नाही. इथे फटी बुजवणं म्हणजे मालाचं नुकसान.

जुन्या माळवदाच्या घरातही हाच विचार होता, पण मोजका. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि वर साणं. दिवसा बंद ठेवायचं, रात्री उघडायचं. शहराजवळचा फराहबाग बघा. सोळाव्या शतकातला निजामशाही महाल. अष्टकोनी, जाड भिंतींचा, मधलं दालन उंच आणि भोवती पाण्याचा तलाव. पाण्यावरून आलेली हवा आत, तापलेली हवा उंच घुमटाकडे. तिथे हवेची वाट बांधणाऱ्याने आखलेली आहे. फट आणि झरोका यांत फरक आहे तो एवढाच: झरोका कोणीतरी विचार करून ठेवलेला असतो.

दुसरी इमारत, एसी लावलेली झोपायची खोली. आपण आकडे मांडू. खोली दहा बाय बाराची, दहा फूट उंच. म्हणजे ३४ घनमीटर. बाहेर ४० अंश, आत २५. तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलली, तर ती गार करायला साधारण १५० वॅट एवढं शीतन खर्ची पडतं. एसीची कार्यक्षमता साडेतीन पट धरली तर विजेचे जेमतेम ४५ वॅट. एका जुन्या बल्बएवढे. तासाला तीन वेळा हवा बदलत असेल तर ४५० वॅट शीतन, म्हणजे एक टनाच्या मशीनची आठवा हिस्सा ताकद फटींतून गेली.

आता छताकडे बघा. त्याच खोलीवर उघडी आरसीसी स्लॅब असेल, तर भर दुपारी हजार वॅटच्या आसपास उष्णता वरून आत उतरते. म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने खिडकीला रबर लावून गच्ची तशीच तापत ठेवली, तर त्याने घागरीची चीर लिंपली आणि तळाचं भोक तसंच ठेवलं. आधी गच्चीवर सावली, पांढरा लेप किंवा उष्णतारोधक थर. मग फटी.

तिसरी इमारत, शीतगृह. संगमनेर-राहात्याकडे डाळिंब, भाजीपाला, दूध या सगळ्याला गारवा लागतो. आत ४ अंश, बाहेर मे महिन्यात ४०. फरक छत्तीसचा. इथे फट महाग पडते.

आणि आता एक गंमत बघा. शीतगृहाला कोणती हवा जास्त जड जाते, मे महिन्यातली ४० अंशांची कोरडी की ऑगस्टमधली २८ अंशांची दमट? बहुतेक जण मे म्हणतील. हिशोब उलटा येतो. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २० टक्के धरली, तर एक किलो हवा ४ अंशांवर आणायला साधारण ५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्के धरली, तर ६५. कारण त्या हवेतली वाफ आधी पाणी करावी लागते आणि त्यातच मोठी ऊर्जा जाते. वर ते पाणी गार नळ्यांवर साचतं, जिथे नळ्या शून्याखाली असतात तिथे बर्फ धरतं आणि मशीनची ताकद आणखी घटते. म्हणून शीतगृहाच्या दाराचं रबर तपासायची वेळ पावसाळ्याच्या आधीची.

अगदी बंदही चालत नाही

हे ऐकून कोणी म्हणेल, मग शीतगृह पुरतं हवाबंद करू. तसंही चालत नाही. ४० अंशांची हवा ४ अंशांवर आली की तिचं आकारमान साडेअकरा टक्क्यांनी आकसतं. आत यायला वाटच नसेल तर दाब दहा हजार पास्कलहून जास्त उतरेल. दाराच्या दर चौरस मीटरवर टनभर भार. दार उघडणार नाही, पॅनेल वाकतील. म्हणून चांगल्या शीतगृहाला दाब सोडणारा व्हॉल्व मुद्दाम बसवलेला असतो. सगळ्या फटी बंद आणि एक वाट जाणून ठेवलेली.

घरात तर हा प्रश्न जिवाचा आहे. आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. मघाच्याच खोलीत दोन माणसं आठ तास झोपली आणि खोली खरोखर हवाबंद असेल, तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत सहा हजार भागांच्या पुढे जातं. बाहेर ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. डोकं जड, झोप अपुरी. तासाला एकदा हवा बदलली तर तेच प्रमाण बाराशेच्या आत राहतं. आणि त्याची किंमत आपण आताच काढली: विजेचे ४५ वॅट. ही किंमत आनंदाने मोजावी.

गॅस गिझर असलेलं न्हाणीघर त्याहून धोक्याचं. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेलं माणूस तिथेच बेशुद्ध पडतं. अशा न्हाणीघराची जाळी थंडी वाजते म्हणून पुठ्ठ्याने बंद करू नका. शक्य असेल तर गिझर बाहेर मोकळ्या जागेत लावा. जिथे चूल, शेगडी किंवा कोळसा जळतो, तिथे फटी बुजवण्याआधी धुराची आणि ताज्या हवेची सोय करा. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

नियम काय म्हणतात

आपल्या देशातल्या नियमांतही हे दोन्ही विचार दिसतात. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींसाठी ती आहे. ती सांगते की सांधे, जोड, खिडक्यांच्या चौकटी बंदिस्त करा. घरांसाठी २०१८ साली इको-निवास संहिता आली. ती सांगते की खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात उघडता येणाऱ्या खिडक्या ठेवाच. उष्ण-कोरड्या हवामानात किमान १० टक्के. एक म्हणते बंद करा, दुसरी म्हणते उघडं ठेवा. विरोध वाटतो, पण नाही. दोघींचं म्हणणं एकच: हवेची वाट तुमच्या हातात असू द्या.

घरच्या घरी काय करता येईल

पंख्याची चाचणी सगळ्यांना परवडेल असं नाही. पण साधी तपासणी आज रात्रीही होईल. गॅस बंद करा. दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने सुरू करा. हा झाला तुमचा गरिबाचा ब्लोअर डोअर. आता उदबत्ती घेऊन फिरा, पडद्यांपासून जपून. धूर कुठे हलतो ते खडूने नोंदवत चला.

विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत सहसा निर्दोष निघते. चोर असतात ते दुसरीकडे: सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या पट्ट्या, एसीच्या पाइपचं भोक, विजेच्या बोर्डामागची नळी, फॉल्स सीलिंगच्या वरची मोकळी जागा. आणि दाराखालची फट. पूर्वी दाराला उंबरठा असायचा, दार त्याला टेकायचं. आता फरशी सलग हवी म्हणून उंबरठा गेला आणि बोटभर फट आली. पन्नास-शंभर रुपयांची ब्रशपट्टी तिथे उपयोगी पडते.

शीतगृहाच्या दाराला कागदाची पट्टी लावून बघा. दारात कागद धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निसटला तर रबर थकलं. दाराच्या कडेला बर्फ धरत असेल तर कागदाचीही गरज नाही.

प्रश्नोत्तरे

*सर, आमच्या घरात एसी नाही, कूलर आहे. फटी बुजवल्या तर फायदा होईल का?*

नाही. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा थांबतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवा. एसी आणि कूलर यांची रीत अगदी उलट आहे.

*एकाच खोलीची चाचणी करता येते का?*

येते, पण जपून. शेजारच्या खोलीतून येणारी हवाही त्या आकड्यात मोजली जाते. शेजारची खोलीही गार असेल तर ती गळती तोट्याची नाही. म्हणून उदबत्ती लावून आधी बघा की हवा बाहेरून येते की आतल्या दारातून.

*पैसे थोडेच आहेत. आधी काय करू?*

वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी गच्ची. एसी २४ अंशांवर ठेवा. २०२० पासूनच्या स्टार लेबल असलेल्या एसींत तो सुरुवातीला तिथेच लावलेला येतो. मग दाराखालची पट्टी आणि पाइपचं भोक. आणि घरात गॅस गिझर असेल, तर या सगळ्याच्या आधी त्याची जाळी मोकळी आहे का ते आज घरी गेल्यावर बघा.